पहिला घास बचनागाचा

“हे ऐकून तुझा विश्वास बसणार नाही. आणि बसलाच, तर उद्या सकाळी तुला माहेरी पोचवून येतो. इतकी भोळी सून मला परवडायची नाही,” म्हातारा वेनमाओ चुलीत ओंडका सरकवत म्हणाला.

समोर बुटक्या स्टुलावर बसून त्याची सून यिनथाओ अक्रोड फोडत होती. तिने मान वर केली नाही. “आज कोण आहे, बाबा? बोकड की गाढव?”

“बोकड.”

“मग चालेल. गाढव फार झालं यंदा.”

गावदेवाच्या अंगणात सकाळचं ऊन नुकतं उतरत होतं. मागे त्सांगशान डोंगराच्या माथ्यावर बर्फ, खाली अरहायचं तळं धुक्यात गुरफटलेलं, आणि अंगणाच्या मधोमध दगडी चुलाण्यावर चढवलेला लोखंडी हंडा. हंडा कसला, एखादं वासरू आत उभं राहून आरामात आंघोळ करील. त्यात डुकराचे खूर, मुरवलेल्या मांसाची हाडं, मुठी मुठी आलं, आणि सोलून चकत्या केलेला बचनाग. आदल्या रात्रीपासून तो रटरटत होता. आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. आज दुपारी अख्खा गाव वाडगे घेऊन येणार आणि हाडांत साठलेली थंडी बाहेर हाकलणार.

बचनागाचं नाव काढलं की शहरातली माणसं दोन पावलं मागं सरतात, आणि बरोबरच करतात. कच्चा कंद पेराएवढा पोटात गेला तरी आधी ओठांना मुंग्या येतात, मग जीभ बधिर होते, मग काळीज वाट चुकलेल्या घोड्यासारखं भलतीकडे धावायला लागतं, आणि त्याला परत आणणारं औषध कुणापाशी नाही. पण इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळी ओढणारे. थंडीत त्यांचे गुडघे गंजक्या बिजागरीसारखे कुरकुरतात. बायकांची बोटं ओढ्यावर कपडे धुऊन धुऊन वळायची बंद होतात. त्यांना हा कंदच लागतो. अखंड उकळला की त्याच्या विषाचे दात पडतात आणि ऊब तेवढी उरते, असं ते मानतात.

‘अखंड’ या शब्दावर सगळं गाडं अडतं. उकळी मोडता कामा नये. पाणी आटलं तर वर आधणाचंच पाणी घालायचं. थंड पाण्याची एक तांबली पडली की आधीचं सगळं उकळणं फुकट गेलं असं समजायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पोटुशी बाई, लहान पोरं, कमजोर काळजाची माणसं यांनी हंड्याकडे फिरकायचंच नाही. त्यांच्यासाठी पलीकडे साध्या शेवयांचं टेबल. ज्याने खाल्लं, त्याने त्या दिवशी दारूला शिवायचं नाही. आणि ज्याच्या हातात पळी, त्याने पहिला घास खायचा. मग गावदेवापुढे एक उदबत्ती लावायची. ती जळून संपेपर्यंत पळीवाल्याची जीभ ठिकाणावर राहिली, तर बाकीच्यांनी वाडगे पुढे करायचे. नाही राहिली, तर त्याला उचलून दवाखान्यात न्यायचं आणि हंडा खड्ड्यात पालथा घालायचा.

तालुक्याच्या आरोग्य केंद्राची डॉक्टरीण दर हिवाळ्यात स्वतः येऊन देवळाच्या दारावर पत्रक चिकटवून जायची. ‘बचनाग खाऊ नका. घरी कितीही उकळला तरी खात्री देता येत नाही.’ पत्रकात एक शब्द चुकीचा नव्हता. गावातले लोक ते मोठ्याने वाचायचे, “पोरगी अगदी बरोबर सांगते” म्हणायचे, आणि वाडगे घेऊन आत शिरायचे.

पळी होती वेनमाओकडे. आता, पळी म्हणजे काही पाटीलकी नव्हे. तिच्यामुळे मिळतो फक्त तो पहिला घास, जो कुणालाच नको असतो. पण वेनमाओला त्या पळीचं मोल वेगळंच होतं. पहिला घास पोटात गेल्यापासून उदबत्ती विझेपर्यंत अख्खा गाव रिकामे वाडगे मांडीवर घेऊन, भुकेने व्याकूळ होऊन, जागचा न हलता पळीवाल्याच्या तोंडाकडे बघत बसतो. त्याची जीभ अडखळते का हे कळावं म्हणून पळीवाल्याने तेवढा वेळ बोलत राहायचं असतं. आणि वेनमाओ बोलायचा! एरवी वर्षभर त्याच्या गोष्टी ऐकायला कुणाला सवड होती? तोंड उघडलं की नातू मोबाईल काढायचे, मुलाला तबेल्यातलं काम आठवायचं, शेजारीण टीव्हीचा आवाज वाढवायची. पण या एका दिवशी कुणी उठून जाऊ शकत नव्हतं. म्हातारा वर्षभर त्या एका उदबत्तीवर जगायचा.

पळी आधी त्याच्या तिसऱ्या भावाकडे होती. भाऊ गेला आणि ती चौथ्याकडे, वेनमाओकडे आली. भावाच्या बायकोला, यांग घराण्यातल्या तिसऱ्या वहिनीला, हे तेव्हापासून खुपत होतं. “हंडा माझ्या घरचा, पळी माझ्या घरची, तोंड तेवढं चौथ्याचं,” असं ती येताजाता म्हणायची. आणि नियम तर सगळ्यांना पाठ होता. ज्याच्या हातून उकळी मोडली, त्याच्या हाती पुन्हा पळी नाही. जन्मात नाही.

“तर तो बोकड,” वेनमाओ म्हणाला, “आमच्या आजोबांचा. म्हातारा झालेला, चारी गुडघे गेलेले. एका हिवाळ्यात तो हंड्याच्या वासाने आला आणि सांडलेला रस्सा चाटून गेला.”

“मेला?”

“मरतो कसला! आमच्या आजोबांनी शिजवलेला हंडा होता तो. बोकडाच्या अंगात अशी ऊब भरली म्हणतेस, की दुसऱ्या दिवशी तो मागच्या दोन पायांवर उभा! तिसऱ्या दिवशी नाचायला लागला. आणि जत्रेला जी नाटक मंडळी आली होती ना, त्यांचा सेनापती आजारी पडला...”

“आणि बोकडाला दाढी होतीच,” यिनथाओ म्हणाली.

“तूच सांग मग!”

“नाही नाही, तुम्ही सांगा. थांबा हं, कोंबड्या शेवयांत शिरल्या!” ती अक्रोडाचं सुपलं टाकून पलीकडे धावली. “हाड! हाड मेल्यांनो!”

वेनमाओची गोष्ट मात्र थांबली नाही. गोष्ट एकदा सुटली की ती समोर कुणी आहे की नाही हे बघत नसे. सेनापती झालेला बोकड आता मंचावर येत होता. वेनमाओने डावा हात कमरेवर ठेवला, छाती काढली, उजव्या हाताने बाजूची किटली तलवारीसारखी उपसली आणि “कोण आहे रे तिकडे!” असं बोकडाच्या आवाजात गरजत हंड्यात झोकात पाणी सोडलं.

हंडा गप्प झाला.

आदल्या रात्रीपासून बडबडणारा, वेनमाओशी स्पर्धा करणारा तो हंडा एकदम गप्प. वाफ विरली. रश्शावर तरंगणारी चरबी निवांत एका बाजूला सरकली. वेनमाओने हातातल्या किटलीकडे पाहिलं. आधणाची किटली काळी, ती तिकडे छोट्या चुलीवर शिट्टी वाजवत होती. हातात होती पिवळी. चहासाठी सकाळी ओढ्यावरून भरून आणलेली. तिच्या बाहेरून अजून दव ओघळत होतं.

“मग बोकडाचं काय झालं?” यिनथाओ कोंबडी काखेत मारून परत आली.

“मेला,” वेनमाओ म्हणाला.

“अगोबाई! आणि नाटक?”

“रद्द.”

यिनथाओने सासऱ्याकडे नीट पाहिलं. त्याची गोष्ट इतक्या लवकर संपलेली तिने लग्न झाल्यापासून पाहिली नव्हती. “बरं वाटत नाही का बाबा? गुडघे?”

“गुडघे ठीक आहेत. जा, तू शेवयांचं बघ.”

ती गेली आणि म्हाताऱ्याने चुलीत लाकडं कोंबायचा सपाटा लावला. काही वेळाने हंडा पुन्हा कुरकुरला, मग बोलू लागला, मग पूर्वीसारखा रटरटू लागला. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण वेनमाओला कळत होतं. हा हंडा आता म्हातारा राहिला नव्हता, सकाळी जन्मलेलं बाळ होता. तो खाण्याजोगा व्हायला दिवे लागायची वेळ यायला हवी होती. आणि गाव येणार होता दुपारी.

सांगून टाकावं? त्याने मनातल्या मनात सांगून पाहिलं. त्याला तिसऱ्या वहिनीचा चेहरा दिसला, हातात पळी धरलेला. पुढच्या वर्षी उदबत्ती लागल्यावर तीच बोलणार. लसणाच्या बाजारभावावर.

नाही. कुणाला बाधू तर द्यायचं नाही, पण पळीही सोडायची नाही. नुसता वेळ काढायचा. आणि वेळ काढण्यात वेनमाओचा हात धरणारा अरहायच्या दोन्ही काठांवर कुणी नव्हता.

दुपारी गाव आला. सगळ्यांत पुढे यिन देखुन खाटीक. खूर त्याने दिलेले, त्यामुळे भूक लागण्याचा पहिला मान त्याचा. मागोमाग तिसरी वहिनी, कडेवर लसणाची परडी. ती म्हाताऱ्याकडे पाठ करून बसली आणि लसूण सोलू लागली. त्याच्या गोष्टी आपण ऐकत नाही हे दाखवायची तिची ती जुनी पद्धत होती.

“काय चौथे काका!” खाटीक म्हणाला. “वास तर वेशीपर्यंत येतोय. घ्या पहिला घास, म्हणजे आम्ही तुमच्या मरणाची वाट बघायला मोकळे.”

“आधी चहा,” वेनमाओ म्हणाला. “कडू, गोड आणि जिभेवर रेंगाळणारा. तिन्ही पेले व्हायला हवेत. पाहुणे आहेत.”

“कुठले पाहुणे? सगळे गावातले आहेत!”

“दारावर पत्रक लावलंय ना सरकारने? मग सरकारच आपलं पाहुणं.”

कडू चहा झाला. गोड चहा झाला. अक्रोडाच्या फाका आणि दुधाच्या पापडाचे तुकडे घातलेला तिसरा चहाही झाला. मग म्हाताऱ्याने गावदेवाला नवं वस्त्र नेसवायला लावलं. मग ते वस्त्र उलटं नेसवलंय असं त्याच्या ध्यानात आलं. मग म्हणाला की गाणं झाल्याशिवाय हंडा उघडत नाहीत, ही त्याच्या आजोबांची पद्धत.

“ही पद्धत गेल्या वर्षी नव्हती,” तिसरी वहिनी लसणाला म्हणाली.

“गेल्या वर्षी माझ्या आजोबांनी आठवण करून दिली नव्हती. काल स्वप्नात आले.”

मंडळींनी तेही गाणं म्हटलं. बायका गात होत्या तेव्हा वेनमाओने सूर्याकडे पाहिलं. एरवी वर्षातला सगळ्यात लहान दिवस म्हणून प्रसिद्ध असलेला हा दिवस आज डोंगराच्या खांद्यावर म्हशीसारखा बसून होता, हलायला तयार नव्हता.

“काका, आता माझं पोट गातंय,” देखुन म्हणाला. त्याने स्वतःच पळी उचलली, हंड्यातून वाडगाभर काढलं, वर खुराचा एक मऊ तुकडा आणि बचनागाच्या दोन पांढऱ्या चकत्या ठेवल्या आणि वाडगा म्हाताऱ्याच्या हातात दिला. कुणीतरी गावदेवापुढे उदबत्ती खोचली आणि काडी पेटवून तयार धरली.

वेनमाओने वाडग्यावर फुंकर घातली. आणखी एक घातली.

“गरम आहे,” तो म्हणाला.

“गरमच असायला हवं,” खाटीक म्हणाला.

वाडग्यातून आल्याचा आणि मुरलेल्या मांसाचा वास येत होता. त्याखाली, अगदी खाली, मातीचा एक कडवट वास होता, जो नीट शिजलेल्या हंड्याला येत नाही. तो फक्त वेनमाओच्या नाकाला कळत होता. त्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेत यिनथाओ बसली होती, मांडीवर नवा कोरा वाडगा. ती खालच्या गावची, तळ्यापलीकडची. तिच्या माहेरी हे खात नसत. लग्नानंतरचे दोन हिवाळे ओढ्यावर कपडे धुऊन तिची बोटं सुजली होती, आणि यंदा ती पहिल्यांदाच खाणार होती, कारण सासऱ्याने तिला सांगितलं होतं, “मी शिजवलेलं आहे, भिऊ नकोस.” ती भीत नव्हती. ती त्याच्याकडे बघून हसत होती.

गेली पळी तर गेली. त्याने वाडगा बाजूला ठेवला आणि मान ताठ केली.

“ऐका,” तो म्हणाला. “हे ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही.”

अंगणभर खसखस पिकली. मंडळी सरसावून बसली.

“आज सकाळी मी या हंड्यात थंड पाणी ओतलं. ओढ्यावरचं. पिवळ्या किटलीतलं.”

मग देखुन खाटकाने मांडीवर थाप मारली आणि असा हसला की झाडावरची पाखरं उडाली. “वा काका! याला म्हणतात सुरुवात! गेल्या वर्षी गाढव उडवलंत, यंदा थेट हंडाच!”

“अरे, गोष्ट नाही ही! खरं सांगतोय!”

“‘खरं सांगतोय’ म्हणाले!” मागून एक बाई डोळे पुसत म्हणाली. “दरवर्षी म्हणतात, आणि दरवर्षी नव्याने हसू येतं.”

“गावदेवाची शपथ!”

“गाढवाच्या वेळीही हीच घेतली होती,” तिसरी वहिनी लसणाला म्हणाली.

“यिनथाओ! तू होतीस ना तिथे? सांग यांना!”

“मी कोंबड्यांच्या मागे होते, बाबा,” यिनथाओ हसू दाबत म्हणाली. “पण बोकड नक्की मेला एवढं मला माहीत आहे.”

पुन्हा हशा. वेनमाओ उठून उभा राहिला. “हा हंडा कुणी खायचा नाही! सांगून ठेवतो! मी खाणार नाही!”

“बघा, बघा, रंगात आले,” लोक एकमेकांना कोपरं मारू लागले. आयुष्यभर पोटच्या पोराप्रमाणे वाढवलेली ती थापांची कीर्ती आता दारात आडवी पडली होती आणि खऱ्याला बाहेर जाऊ देत नव्हती. हंडा उलथवावा, तर तो चार धट्ट्याकट्ट्यांना हलत नसे. चुलीजवळचा ओंडका लावून त्याने हंड्याला रेटा देऊनही पाहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“ते सगळं ठीक,” देखुन म्हणाला, “पण काका, तुम्ही खात नसाल तर मी खातो पहिला घास. माझी आतडी एकमेकांना गिळायला निघालीत. तुम्ही गोष्ट सांगा, मी खातो, जीभ माझी बघा. काय फरक पडतो?” आणि त्याने म्हाताऱ्याने बाजूला ठेवलेला वाडगा हळूच उचलून घेतला.

“थांब!” वेनमाओ ओरडला. “गोष्टीआधी घास नाही! गोष्ट संपू दे!”

“ही पण आजोबांची पद्धत?”

“हीसुद्धा!”

“बरं. पण आखूड सांगा.”

वेनमाओ बसला. त्याला घाम फुटला होता, भर हिवाळ्यात, बचनाग न खाताच. आता काय उरलं? खरं बोलून कुणी ऐकत नव्हतं. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की आज कुणीतरी आपलं खोटं पकडावं. असं पकडावं की सगळे गंभीर होतील, हसणं थांबेल आणि हंड्याकडे बघतील. त्याने बाही वर सारली आणि कामाला लागला.

“मी तरणा होतो तेव्हाची गोष्ट. खेचरांचा तांडा घेऊन आम्ही डोंगरापलीकडे चहा न्यायचो. खिंडीत बर्फ खेचरांच्या पोटापर्यंत. जनावरांचे गुडघे आखडले, पुढे पाऊल टाकीनात. मग मी बर्फातच चूल मांडली आणि त्यांच्यासाठी बचनाग शिजवला.”

“खेचरांसाठी?” देखुन म्हणाला.

‘पकड,’ वेनमाओ मनात म्हणाला. ‘पकड रे बाबा. खेचराला कुणी बचनाग घालतं का?’

“हुशारी आहे,” देखुन म्हणाला. “पुढे?”

“पुढे... पुढे खेचरं इतकी तापली की खुरांखाली बर्फ वितळायला लागलं. प्रत्येक पावलाला चर्र! मागे ओढा वाहायला लागला. तो ओढा डोंगर उतरून थेट अरहायमध्ये.”

“तोच का आपला धुण्याचा ओढा?” यिनथाओने विचारलं. तिचे डोळे चमकत होते.

“तोच!” वेनमाओ जवळजवळ रडवेला होऊन म्हणाला. “माझ्या जन्माआधीपासून वाहतोय, तोच!”

सगळे खळखळून हसले. कुणी खोटं पकडलं नाही. म्हातारा आणखी वर चढला. “कोमट पाणी तळ्यात आलं म्हणून मासे ओढ्यातून उलटे वर चढले. थंडीने काकडलेले बिचारे. खिंडीपर्यंत आले आणि खेचरांच्या पायाशी ऊब घेत बसले. एक मोठा मासा तर माझ्या मांडीवर येऊन झोपला. घोरत होता.”

“मासा घोरतो?” मागून कुणीतरी म्हणालं, आणि वेनमाओच्या जिवात जीव आला. पण तो आवाज लगेच म्हणाला, “माझ्या मेहुण्याने ऐकलंय, मोठे असले की घोरतात.”

आज म्हाताऱ्याची गोष्ट आजवरची सगळ्यात सुंदर गोष्ट होत होती, हीच पंचाईत होती. लोक भूक विसरले होते. पोरांनी मोबाईल खाली ठेवले होते. साध्या शेवयांच्या टेबलावरच्या पोटुश्या बायका खुर्च्या ओढून जवळ आल्या होत्या. असा दरबार त्याला कधीच लाभला नव्हता, आणि हाच दरबार एकेका खोट्यासरशी मरणाच्या जवळ सरकत होता. मासे त्याने खेचरांवर बसवले. खेचरांना गायला लावलं. वाघ आणला, त्याला गुडघेदुखी लावली, त्यालाही वाडगा दिला. लोक माना डोलावत होते. तिसरी वहिनी पाठ करून लसूण सोलत होती.

“झक्कास,” देखुन डोळे पुसत म्हणाला. “झाली ना? आता खातो.” त्याने जेवणाच्या काड्यांमध्ये बचनागाची चकती उचलली. ती पांढरी, जाडसर, कडेला अजून जरा टणक होती. गावदेवापुढे कुणीतरी उदबत्तीसाठी पुन्हा काडी ओढली.

“नाही झाली!” वेनमाओ म्हणाला.

एक गोष्ट उरली होती. ती त्याने आजवर कुठल्याही गोष्टीत घातली नव्हती. बोकड, गाढव, खेचरं यांना त्याने हवं तसं नाचवलं होतं, पण त्या एका गोष्टीला त्याने जन्मात हात लावला नव्हता, दारू प्यायला तरी नाही आणि प्यायलेल्यांत बसला तरी नाही. त्याने तिसऱ्या वहिनीच्या पाठीकडे पाहिलं. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं तिचं डोकं, आणि त्याखाली सावकाश चालणारी बोटं.

“मग मीही खाल्लं,” तो म्हणाला. “चांगला मोठा वाडगा. खेचरांच्या हंड्यातला. अंगाचा भडका उडाला. म्हटलं, जरा गार व्हावं. जवळ आलुबुखाराच्या दारूचा भोपळा होता. तो तोंडाला लावला. सगळा संपवला. बचनागावर भोपळाभर दारू! आणि काय सांगू, झुळूक यावी तसं वाटलं. हुशारी आली. नाचत नाचत घरी आलो. काही झालं नाही. कधीच कुणाला काही होत नाही.”

देखुनची चकती हवेतच राहिली. कुणी हसलं नाही. पण कुणी काही बोललंही नाही. म्हातारी माणसं खाली बघू लागली आणि तरण्यांना आपण का थांबलो हे कळेना. मग देखुनने, ती शांतता मोडावी म्हणूनच जणू, खांदे उडवले आणि चकती तोंडाकडे नेली.

लसणाची परडी उलटी पडली.

“खोटं!” तिसरी वहिनी उभी होती. आज किती वर्षांनी तिचा चेहरा म्हाताऱ्याकडे वळला होता. “धादांत खोटं! खेचरं तापव, मासे डोंगरावर चढव, मी लसूण सोलत बसते. पण पोटात बचनाग आणि त्यावर दारू, आणि माणूस नाचत घरी? माझ्या धाकट्या भावाने एक पेला घेतला होता. एक. आपण दोघांनी त्याला दाराच्या फळीवर घालून डोंगर उतरवला, डोक्याकडची बाजू तू धरली होतीस, चौथ्या, आणि तो अर्ध्या वाटेत गेला. त्याच्यावर तू थाप मारायचा नाहीस. जीव गेला तरी मारायचा नाहीस. मारलीस, ती मी ओरडावं म्हणून मारलीस! देखुन, ठेव त्या काड्या खाली! ठेव म्हणते ना! याने सुरुवातीला जे पिवळ्या किटलीचं सांगितलं तेवढंच खरं, आणि नंतरचं सगळं, सगळं खोटं!”